साक्षगंधाच्या आदल्या दिवशीचा काढा

सर्दी मला ओळखते आणि रस्ता बदलते. कोरोनाच्या सालापासून मी शिंकलेलो नाही. शिंक आलीच तर मी तिला नाकातूनच परत पाठवतो. हे सगळं माझ्या काढ्यामुळे. मेडशीच्या बसस्टॉपवर मी उभा राहिलो की कोणीतरी विचारतंच, बबनराव, तो काढा करता कसा? प्रत्येकाला वेगळं सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाची कृती लिहून टाकतो. कृती सोपी आहे. मधे मधे काही घरगुती मजकूर येईल, तेवढा वगळून वाचावा.

(घरगुतीच वाचा, काढा वगळा. – निकिताची आई.) ही माझी बायको. हे लिखाण आधी तिला दाखवायचं असं ठरलं आहे. जिथं पटणार नाही तिथं ती कंसात बोलेल.

काढा केव्हा करावा

गावात तापाची साथ असावी आणि घरात मंगलकार्य असावं, तेव्हा करावा. आमच्याकडे दोन्ही एकदम होतं. आमच्या मुलीचं, निकिताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उद्यावर आलेलं. मुलगा कामरगावचा, हरीओम नाव, फौजेत आहे. त्याची सुट्टी संपत आलेली. उद्या कुंकू, परवा त्याची अकोल्याहून रेल्वे. उद्याचा दिवस हुकला तर पुढची सुट्टी कधी मिळणार हे त्याच्या साहेबालाही माहीत नव्हतं. दोघं आजवर एकदाच भेटले होते, तेही अर्धं कामरगाव समोर बसलेलं असताना. त्या भेटीत हरीओमनं निकिताला विचारलं, "उन्हाळा लय असते का मेडशीत?" निकिता म्हणाली, "असते." एवढ्या बोलण्यावर लग्न ठरलं. कुंकवाआधी फोनवर बोलायची आमच्यात रीत नाही, आणि दिवस हुकला तर तेवढ्यावरच वर्षभर थांबायचं, हे पोरीला मान्य नव्हतं. ती दोन दिवस भांडी फार आवाज करून घासत होती.

आणि नेमका आमच्या रंगूआत्याला ताप आला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लवकर विधवा झाली, तेव्हापासून आमच्याकडेच आहे. म्हणजे आम्ही तिच्याकडे आहोत. तिच्या शब्दाशिवाय आमच्या घरात दूधही उतू जात नाही.

मी ठरवलं, हा ताप आत्याच्या खोलीबाहेर येणार नाही. उद्या कामरगावची मंडळी येतील तेव्हा घरात एकही माणूस खोकता कामा नये. निकिता आणि तिची आई पहाटेच्या बसनं तालुक्याला, मालेगावला, बांगड्या भरायला गेल्या. घर माझ्या ताब्यात आलं.

(इथंच चुकलं.)

तुळस

तुळस ताजी असावी. आमच्या दारातली बकरीनं खाल्ली होती, म्हणून उजाडता उजाडता मी शेजारच्या गोमतीबाईंकडे गेलो. त्या अंगण झाडत होत्या.

"गोमतीबाई, तुळशीची पानं पाहिजे होती."

"इतक्या सकाळी? कोणाले?"

"आत्यासाठी. तोंडात टाकाची हायेत. जरा घाई आहे."

त्यांचा झाडू थांबला. "काल तं चांगली बोलत होती बाप्पा."

"रातपासून आवाज बंद आहे तिचा," मी म्हणालो. घसा बसला होता.

"डॉक्टरले बलावलं का?"

"या वयात डॉक्टर काय करल? आता आपल्या हातानं होईल तेवढं करायचं."

गोमतीबाईंनी पानं नाही, अख्खी फांदीच मोडून दिली आणि डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, यांच्या घरीही साथ पोचली. साथीत डोळ्यातून पाणी येतंच.

गुळवेल

गुळवेल कुठलीही चालत नाही. कडुनिंबावर चढलेली घ्यावी. अंगठ्याएवढ्या जाडीची, वरची साल पातळ, आतून हिरवी. आमच्या वावरात बांधावर जुना निंब आहे, त्याच्यावर ती अजगरासारखी बसलेली असते. तिचे बोटभर तुकडे करून ठेचावे. तोडलेला तुकडा कुंपणावर टांगून ठेवला तरी त्याला पालवी फुटते, इतकी ती चिवट. अशी चिवट वेल पोटात गेल्यावर माणूस कसा आजारी पडेल, हा माझा मुद्दा आहे.

(मुद्दा शेवटी पाह्यजा.)

त्यात अडुळशाची पानं, सुंठ, मिरे, हळद. गूळ घालू नये. गूळ घातला की काढ्याचं सरबत होतं आणि रोग खुश होतो.

पाणी

उद्यासाठी पन्नास-साठ माणसांचा काढा लागणार होता. गॅसवर एवढं भांडं बसत नाही. मी जर्मनचा मोठा गंज, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं, काढला, अंगणात तीन विटा मांडल्या, लाकडं पेटवली आणि गंज पाण्यानं भरून वर चढवला. थंडीचे दिवस, माझा चुलतभाऊ विकास आणि गल्लीतले दोघं-तिघं येऊन जाळाभोवती हात बांधून उभे राहिले. मी त्यांना सांगितलं, आत्या आत झोपली आहे, मोठ्यानं बोलू नका. ते मान खाली घालून उभे राहिले.

आमचं घर बसस्टॉपच्या समोर आहे, हे सांगायचं राहिलं. रस्त्यावरून सगळं दिसतं.

निंबाचा पाला

हा काढ्यात टाकायचा नाही. हा दारात. फाटकाबाहेर मी बादली ठेवली, तांब्या ठेवला आणि कडुनिंबाचे डहाळे ठेवले. नियम केला की कोणीही आलं तरी आधी हातपाय धुवायचे, निंबाची चार पानं चावायची, मगच फाटकातून आत. गोवऱ्यांचे निखारे एका मडक्यात घालून त्यावर गुग्गुळ आणि निंबाचा पाला टाकला आणि ते मडकंही फाटकाशीच ठेवलं. धूर असा काही उठला की डास थेट पातूरला गेले असतील.

नियम पहिल्यांदा विकासवर लावला, त्याला फाटकाबाहेर काढून. पाला चावताना त्याचं तोंड जसं झालं तसं कोणाचंही होतं. नेमकी तेव्हाच अकोल्याहून वाशीमला जाणारी एसटी समोर थांबली. मी कंडक्टरला हात केला. एरवी हा माणूस माझ्याशी भांडल्याशिवाय बस सोडत नाही. आज त्यानं नुसती मान हलवली. खिडकीतल्या दोन-तीन बायांनी हात जोडले. ड्रायव्हर निघताना हॉर्न न वाजवता निघाला.

मी विकासला म्हणालो, "पाह्य, स्वच्छता ठेवली की माणसाचा मान कसा वाढते."

बांबू

बांबू काढ्याला लागत नाही. हे शीर्षक चुकून आलं, पण आता आलंच आहे.

तांड्यावरचा रतनसिंग माझा जुना मित्र. उद्याच्या मांडवासाठी मी त्याला बांबू आणि सुतळी सांगून ठेवली होती. तो दोन लांब बांबू खांद्यावर घेऊन फाटकाशी आला, आणि तिथली बादली, पाला, मडकं, आत तापणारं पाणी बघून जागीच थांबला.

"बबनभाऊ," तो हळू आवाजात म्हणाला, "मले पहिले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं तं होतं. गेल्या बाजारी नाई का बोललो?"

"तवाच ठरलं होतं?"

"तारीख तं महिनाभर आधी ठरली."

रतनसिंगनं खांद्यावरचे बांबू सावरले. मग त्यानं पाय धुतले, पाला चावला आणि बांबू अंगणात आडवे ठेवले. "दोनच आणले. बस होतील ना?"

"दोन कसे बस होतील? चार लागतील."

"दोनच लागतात भाऊ," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

वाट पाहणे

काढा मंद आचेवर पाण्याचा अर्धा हिस्सा राहीपर्यंत उकळावा. तोपर्यंत दुसरी कामं करावीत. मी आत्याच्या खोलीत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला निंबाच्या पाण्यात धुतलेलं पांढरं धोतर पांघरायला दिलं. निलगिरीचं तेल लावून कापसाचे दोन बोळे दोन्ही नाकपुड्यांत बसवले. तुळशीची पानं तोंडात ठेवली. उशाशी ऊद लावला. आणि कालच्या जुन्या काढ्याचा एक पेला पाजला.

आत्यानं पेला संपवला, डोळे मिटले आणि बसक्या आवाजात म्हणाली, "बबन्या, आता पुन्हा पेला घेऊन आला तं मी मेली म्हणून समज."

बाहेर आलो तर अंगणात पंधरा-वीस माणसं. थोड्या वेळानं तीस-चाळीस. मालेगावचे, पांगऱ्याचे, कोणी कोणाच्या मोटारसायकलवर, कोणी पुढच्या एसटीनं. सगळे शहाण्यासारखे पाय धुवून, पाला चावून आत येत होते. कोणाला एक शब्द सांगावा लागला नाही. माझ्या काढ्याची कीर्ती एवढी झाली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिथंच पेले भरायला सुरुवात केली. लोक निमूट प्यायले. कोणी कडू म्हणालं नाही. एक म्हातारा पेला परत देताना म्हणाला, "चांगलं माणूस होतं."

"कोण?"

त्यानं नुसतं खोलीच्या दाराकडे बघितलं. मी म्हणालो, "हो, अजूनही आहे." त्यानं मला पोटाशी धरलं.

मग आत्याची जाऊ रुपाबाई आली. फाटकापासूनच तिनं आवाज लावला. "रंगूबाई वं, मले टाकून कशी गेली वं, तुया हातचं पिठलं आता कोन खाऊ घालल वं." रुपाबाई आणि आत्या यांचं उभ्या आयुष्यात पटलेलं नाही. तापाच्या बातमीवर ही एवढं रडते, म्हणजे मनानं फार हळवी बाई असणार, असं मला वाटलं. गोमतीबाई पिठलं-भाकरीची टोपली घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमच्या घरी आज चूल नाई पेटाची."

"पेटली आहे ना, हे काय," मी गंज दाखवला.

तिकडे विकास आणि रतनसिंग मिळून बांबूंना आडव्या काड्या बांधत होते. मांडव असा आडवा का बांधतात हे मला समजेना. पण न सांगता माणसं कामाला लागली, आपल्याला अजून काय पाहिजे.

(मी हे तिसऱ्यांदा वाचून राह्यली. तिसऱ्यांदा बी खरं वाटत नाई.)

फोन

फोन रविकांतभाऊंचा होता. हरीओमचे वडील, माझे होणारे व्याही.

"बबनराव, कानावर आलं आमच्या. लय वाईट झालं."

"काय झालं?"

"रंगूबाईचं."

"तिले थोडा ताप आहे. होईल बरी उद्यापर्यंत."

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बबनराव, तुमच्या मनाची गोठ मले समजते. पोरीचं काम आहे, माणूस झाकून ठेवते. माझ्या मामानं बी लग्न उरकेपर्यंत मेलेल्या बुढ्याले खोलीत ठेवलं होतं. पण मंग ते माहीत झालं ना, अजून लोक बोलतात. सुतकात कुंकू लावणं आमाले जमणार नाई. पुढच्या सुट्टीत पाहू."

"अहो, कायचं सुतक? कोणी मेलं नाई."

"एसटीतल्या लोकायनं पाह्यलं. मालेगावच्या स्टँडावर सारे तेच बोलून राह्यले. तुमच्या दारात निंबाचा पाला, निखाऱ्याचं मडकं, अंगनात पानी तापवनं चालू. बांबू बी आले म्हणते."

मी मागे वळलो.

सकाळपासून मी त्या अंगणातच होतो, पण एसटीच्या खिडकीतून ते कसं दिसत असेल हे मी पहिल्यांदाच बघितलं. तीन विटांवर गरम पाणी. फाटकात पाय धुणारी, पाला चावणारी माणसं. मडक्यातून निघणारा धूर. पदरात तोंड घातलेल्या बाया. शेजारच्या घरून आलेलं जेवण. आणि मधोमध, सुबक बांधून तयार झालेली, माणसाच्या लांबीची तिरडी. विकास सुतळीची शेवटची गाठ ओढून बघत होता.

माझ्या हातातला पेला मी स्वतःच पिऊन टाकला.

"रविकांतभाऊ, फोन ठेवू नका. मी व्हिडिओ कॉल करतो. तुमच्या डोळ्यानं पाहा."

पुरावा

त्यांनी उचलला. स्क्रीनवर सगळं घर दिसत होतं. रविकांतभाऊ, त्यांच्या घरच्या म्हणजे विहीणबाई, आणि मागे हरीओम, ताठ उभा. मी फोन समोर धरून आत्याच्या खोलीत शिरलो.

"हे पाहा," मी म्हणालो.

आता आत्याच्या बाजूनं विचार करा. तिला दिसलं एवढंच, की बबन पुन्हा हातात काहीतरी धरून आला. म्हणजे पेलाच. तिनं डोळे गच्च मिटले, हात छातीवर घेतले आणि श्वास धरला.

त्यांना दिसलं ते असं. पांढरं धोतर गळ्यापर्यंत. नाकात कापूस. ओठांच्या कोपऱ्यात तुळशीचं पान. उशाशी ऊद.

"आत्या, ऊठ," मी म्हणालो.

आत्या हलली नाही.

"आत्या, बोल काहीतरी. व्याही आहेत." मी तिचा खांदा धरून हलवला. ती लाकडासारखी हलली, एकसंध. "आत्या, माझी इज्जत जाते, ऊठ गं."

फोनमधून हुंदका ऐकू आला. रविकांतभाऊंच्या घरच्यांचा. मग रविकांतभाऊ म्हणाले, अगदी हळू, "बबनराव. सोडा त्यायले. मनाले समजवा. आमी निघतोच. खांदा द्याले पोचतो."

"निघू नका, ऐका—"

कॉल कटला. पुन्हा लावला. मयताला निघालेल्या गाडीत कोणी फोन उचलत नाही.

मी अंगणात येऊन ओरडलो, "आत्या जिवंत आहे!"

विकासनं मला दंडाला धरून ओट्यावर बसवलं. कोणीतरी पाणी दिलं. तो मघाचा म्हातारा म्हणाला, "पहिल्या दिवशी असंच वाटते. माझं बी, बाप गेला तवा, असंच झालं होतं."

"आत जाऊन पाहा ना कोणीतरी."

"पाहू. सावकाश पाहू. पहिले तुमी शांत व्हा."

गाळणे

मालेगावची जीप थांबली. निकिता आणि तिची आई उतरल्या. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

(जीपमधूनच फाटकातलं मडकं पाह्यलं मी. मले वाटलं, हेच गेले. काढा पिऊन.)

मला ओट्यावर बसलेला बघून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग लगेच कडक झाला. तिनं विटा, बांबू, टोपली, रुपाबाई, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. निकिताला म्हणाली, "चहा ठेव." आणि खोलीच्या दाराशी जाऊन साध्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, चहा होऊन राह्यला. आल्याचा. काढा नाई, चहा. या बाहेर."

दार उघडलं. आत्या नाकातला एक बोळा काढत बाहेर आली, दुसरा तसाच.

अंगणात जे झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. एवढंच सांगतो, की मघाचा म्हातारा त्या तिरडीवरच बसला. गोमतीबाई आपल्या घरच्या तुळशीकडे पळाल्या. रतनसिंग बंजाऱ्यांच्या देवस्थानाच्या, पोहरादेवीच्या दिशेला हात जोडून उभा राहिला. फक्त रुपाबाईचे डोळे मिटलेले होते, ती रडण्यात रंगली होती आणि आता पुरणपोळीवर आली होती. "पोळी तं तुयासारखी कोनाले जमली नाई वं..."

"अन् उभ्या जन्मात कधी सांगितलं नाई ते," आत्या म्हणाली.

रुपाबाईनं डोळे उघडले. किंचाळली, मग गळ्यात पडली. ती गळ्यात पडली म्हणून बाकीच्या बायाही पडल्या. पुरुषांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कोणी रडत होतं, कोणी हसत होतं, नाकं सगळ्यांची वाहत होती. आत्या एकेकाच्या गालावरून हात फिरवत, खोकत, सगळ्यांना भेटली.

मग मला म्हणाली, "बबन्या, आत पडून सारं ऐकत होती मी. रुपाबाई आली तवा बाहेर याच्या बेतात होती. पण म्हटलं, काय म्हणते ते तं ऐकू दे." घसा खाकरला. "बोलव तुया व्याह्याले."

"ते निघाले आहेत. खांदा द्यायला."

"येऊ दे मंग."

वाढणे

दुपार उलटली तेव्हा कामरगावची जीप आली. मागे आणखी एक. पांढरे सदरे, पांढरे रुमाल. रविकांतभाऊ खाली मान घालून फाटकाशी आले, पाय धुतले, पाला तोंडात टाकला आणि मान वर केली तर समोर आत्या, हातात चहाची बशी.

"या," आत्या म्हणाली. "लय लवकर आले. थोडा वेळ आहे अजून."

रविकांतभाऊ बादलीवर टेकले. बादली उलटली. फौजी पोरगा पुढे झाला, त्यानं वडिलांना उचललं आणि आत्याच्या पाया पडला. घाबरला नाही, हसलाही नाही. फक्त पाया पडता पडता त्यानं आत्याच्या पायाला बोट लावून जरा दाबून बघितलं. मी बघितलं ते.

ओल्या धोतरातच रविकांतभाऊ माझ्याजवळ आले. "बबनराव, तुमी खरं बोलत होते अन् मी तुमाले खोट्यात काढलं. आता उद्या कोणत्या तोंडानं येऊ?"

निकिता दाराआडून बघत होती. उद्याला आता काही अर्थ नव्हता. दोन जीप आज शंभर किलोमीटर आल्या होत्या, रात्री परत जायचं, उद्या पुन्हा यायचं, आणि परवा पहाटे त्या पोराची गाडी.

आत्यानं बशी खाली ठेवली. "उद्या कायले? दोन्हीकडचे सोयरे आज आलेच हायेत. रडून बी झालं साऱ्यायचं. मांडवाचे बांबू हायेत, ते फक्त उभे करा. लावा कुंकू."

"मुहूर्त?" रविकांतभाऊंच्या घरच्या म्हणाल्या.

गुरुजी गर्दीतच होते. ते वेगळ्या कामासाठी आले होते, पण पंचांग पिशवीत होतंच. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "खरं सांगू का, उद्यापेक्षा आजचा चांगला आहे. उद्याचा मी तुमच्या सुट्टीकडे पाहून काढला होता."

"पण अंगठी घरी राह्यली," रविकांतभाऊ म्हणाले. "मयताले कोण अंगठी आणते?"

हरीओम माझ्या विटांजवळ गेला. तिथं ठेचायची राहिलेली गुळवेल पडली होती. त्यानं एक कोवळा तुकडा उचलला, दोन वेढे घातले, गाठ मारली आणि गुरुजींकडे बघितलं.

गुरुजी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "तुमाले दर्भाची चालते, तं वेलाची काहून नाई चालत?"

चालली. रतनसिंग आणि विकासनं तिरडी सोडून तिचे बांबू उभे केले, त्यावर हिरवं कापड टाकलं. पांढऱ्या कपड्यातल्या माणसांसमोर हिरव्या बांगड्यांच्या माझ्या पोरीला कुंकू लागलं. फोटोत आम्ही सगळे असे दिसतो की जणू तिला शिक्षा सुनावली आहे, पण ते निंबाच्या पाल्यामुळे. ती एकटी हसते आहे. तिला पाला चावायला लावायचं मी विसरलो होतो.

तोंड गोड करायला घरात काही नव्हतं. पेढे उद्या येणार होते. निकिताच्या आईनं डब्यातला सगळा गूळ आणला आणि मी नाही म्हणायच्या आत माझ्या काढ्याच्या गंजात ओतला.

(सरबत झालं. लोकायनं दोन दोन पेले घेतले. एक बी शिव्या देत नव्हता.)

टीप

काढा इथं संपतो. गुण यायला तीन दिवस लागतात, असं मी नेहमी सांगतो. तिसऱ्या दिवशी मेडशी, मालेगाव आणि कामरगाव मिळून जवळजवळ सगळी मांडवातली माणसं तापानं आडवी झाली. रुपाबाई पहिली. मग विकास, गोमतीबाई, रविकांतभाऊ. मी शिंकलो. सात वेळा लागोपाठ. आत्या मात्र खडखडीत बरी झाली आणि सगळ्यांना भेटून आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, काढा वाईट नाही. प्या. पण तापाच्या माणसाच्या गळ्यात पडून साठ जण रडले, तर काढा बिचारा काय करेल?" मग त्यांनी मला गोळ्या दिल्या. मी घेतल्या. हे कोणाला सांगू नये.

काल मी गोधडीत पडलो होतो तेव्हा हरीओमचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"मामा, मले बी ताप आला. स्टेशनावर जायच्या आधीच. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं, त्यायनं आराम लिहून दिला. साहेबानं सुट्टी वाढवून दिली."

"अरे, हे तं वाईट झालं बापू," मी म्हणालो. "माझ्यामुळे झालं."

"नाई मामा, वाईट नाई. आमी दोघं रोज फोनवर बोलून राह्यलो. निकिता बी पडूनच आहे ना तिकडे."

खरं होतं. आतल्या खोलीतून दोन दिवस खोकण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. मला वाटत होतं तापात बरळते आहे.

"मंग काळजी घे," मी म्हणालो.

"हो." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "मामा, आता उतरून राह्यला ताप. उतरला की ड्यूटीवर जा लागल. तुमच्या गंजात थोडा काढा उरला असल, तं पाठवता का कोणाच्या हातानं?"